पहिला फोन अण्णांना

अण्णांना जाऊन अडीच महिने झाले, तरी मेंढपाळ संघाचा संगणक बंद पडला की पहिला फोन त्यांनाच येत होता.

फोन करणारी एक बाई होती. म्हणजे खरी बाई नव्हे. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीच्या यंत्रात बसवलेला बाईचा आवाज. आवाज गोड, मराठी शुद्ध आणि कुणाच्या जगण्यामरण्याचं सोयरसुतक नसलेला. "नमस्कार, हरिदास शिवशरण. शीतगृहातील संगणक प्रतिसाद देत नाही. आपण ही जबाबदारी स्वीकारत असल्यास एक दाबा." दहा मिनिटांत कुणी एक दाबला नाही, तर हाच निरोप यादीतल्या पुढच्या माणसाला जायचा, त्यानंही नाही दाबला तर त्याच्या पुढच्याला. एकानं दाबला की बाई सगळ्यांना विसरून जायची.

एका रविवारी धम्मप्रिया घरी असताना हा फोन आला. ती अण्णांची मुलगी, कॉलेजात ग्रंथपाल. एरवी दिवसभर घरात फक्त तिची आई, भीमाबाई. धम्मप्रिया स्वयंपाकघरातून बाहेर आली तर आईनं अण्णांचा चष्मा आणि पेन आणून मोबाईलशेजारी ठेवलं होतं. फोन आला की अण्णा आधी वेळ टिपून घेत. तीस वर्षांची सवय. अण्णा गेल्याचं आईच्या हातांना कुणी कळवलं नव्हतं. भीमाबाई चष्म्याकडे बघत उभ्या होत्या आणि बाई एक दाबायला सांगत होती.

धम्मप्रिया आत जाऊन गॅस बंद करून आली. तोवर बाईचा आवाज थांबला होता. ती म्हणाली, "आई, यादीतून अण्णांचा नंबर काढून घेऊ. उद्या रजा टाकते."

"एका दिवसात हुतंय का?"

"नाव तर खोडायचं आहे. दहा मिनिटांचं काम."

अकरावी-बारावीच्या मुलांना ती नेहमी सांगायची की माणसानं वाचावं, वाचल्यानं शहाणपण येतं. तिनं स्वतः पुष्कळ वाचलं होतं. तरी हे वाक्य तिच्या तोंडून गेलं.

खाली राहणारे जोतिरामकाका जिन्यातच भेटले. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून ते इमारतीच्या सगळ्या अडचणींचे मानद कंत्राटदार होते. पायरीवर बसूनच त्यांनी प्रकरण ऐकून घेतलं.

"फोन बंदच करून टाका की."

"आई करू देत नाही. गावाकडच्यांचे फोन येतात. म्हणते, बंद लागला तर लोक म्हणतील, नंबरपण गेला का?"

"मग त्या बाईला ब्लॉक करा."

"दर वेळी वेगळ्या नंबरवरनं येतो."

"अस्सं." काकांना अडचण अवघड निघाली याचा आनंद झालेला लपला नाही. "मग माहितीचा अधिकार टाका. काही मिळत न्हाई त्यातनं, पन समोरचा आधी उठून उभा राहतोय. आमच्या वर्कशॉपात एक मेलेला फिटर चार वर्षं ड्यूटी लिस्टवर हुता. नाव काढलं न्हाई कुनी. का? तर तो असला की माणसं पुरेशी दिसत हुती."

"संघाचे लोक तसे नाहीत, काका."

"तसे कुनीच नसतात," काका म्हणाले. "यादी तशी असती."

होटगी रोडवरच्या संघाच्या कार्यालयात ऋतुजा नावाची तरुण कारकून होती. तिनं धम्मप्रियाला बसवलं, पाणी दिलं, 'सर असते तर' असं दोनदा म्हणाली आणि एक छापील फॉर्म पुढे सरकवला. 'यादीतून नाव कमी करण्याबाबत विनंती अर्ज.' नाव कमी करण्याचे कारण, योग्य तेथे खूण करा: बदली, निवृत्ती, राजीनामा.

"यात मृत्यू नाही," धम्मप्रिया म्हणाली.

ऋतुजानं फॉर्म उलटा करून पाहिला. मागेही नव्हता. "निवृत्ती करू का, मॅडम?"

"निवृत्त ते दोन वर्षांपूर्वीच झाले. तरीही तुम्ही यादीत ठेवलंत."

"हो, ते सन्माननीय सल्लागार म्हणून. मग राजीनामा? पण त्याला सही लागेल सरांची." ऋतुजानं थोडा विचार केला आणि आवाज खाली आणला. "बदली करू या का? तसं फार चुकीचं नाही."

धम्मप्रियानं खालची ओळ वाचली. 'बदलीचे ठिकाण व रुजू होण्याचा दिनांक.' तिनं पेनचं टोपण लावून टाकलं.

ही यादी कशी जन्मली हे इथं सांगायला हवं, कारण ती अक्कल संघाची स्वतःची होती, कंपनीची नव्हे. संघाच्या शीतगृहात मेंढ्यांच्या लसी असत. लस थंड राहते की नाही हे तिथला संगणक बघायचा आणि दर मिनिटाला पुण्याच्या संगणकाला 'मी आहे' असं कळवायचा. तीनदा कळवलं नाही की पुण्याची बाई फोन लावायची. पण लावायचा कुणाला? कंपनीनं क्रमवार अकरा नावं मागितली. संचालक मंडळानं ती लग्नपत्रिकेच्या धर्तीवर काढली. लग्नपत्रिकेत राबणाऱ्या आचाऱ्याचं नाव वर टाकत नाहीत. वर असतात मानाची माणसं. अण्णा निवृत्त होत होते, संघात संगणक आणणारे तेच, म्हणून पहिला मान त्यांना. मग चेअरमन शहाजीआबा, मग व्हाइस चेअरमन मल्लिकार्जुनप्पा, मग ज्येष्ठतेनं सात संचालक आणि सगळ्यात शेवटी सिद्धांत हा पगारी ऑपरेटर. शीतगृहातलं काळं बटण खाली करून वर केलं की दहापैकी नऊ बिघाड दुरुस्त होतात हे ज्या अक्कम्माला माहीत होतं, तिचं नाव नव्हतंच. ती रोजंदारीवर.

अण्णांनी याला हरकत घेतली का? नाही. त्या दिवशी त्यांनी घरी पेढे आणले होते. आणि गंमत अशी, की दोन वर्षं ही उफराटी यादी घड्याळासारखी चालली. बाईचा फोन आला की अण्णा एक दाबत, वेळ टिपत आणि अक्कम्माच्या फोनवर सांगत, "अक्कम्मा, काळं बटण." पाच मिनिटांत काम फत्ते. मंडळ समजून चाललं होतं, यादी उत्तम आहे.

ऋतुजानं शेवटी तिला वर चेअरमनकडे नेलं. शहाजीआबा सांगोल्याकडचे, स्वतः मेंढरामागं हिंडून वर आलेले, अंगानं पैलवान. धम्मप्रियाला बघताच उठून उभे राहिले.

"जय भीम, ताई. या, बसा. आय बरी हाय का?"

तिनं काम सांगितलं. आबांचा चेहरा गंभीर झाला.

"पयलं नाव काढायचं? अण्णांचं?" त्यांनी मान हलवली. "मी ह्या खुर्चीवर हाय तवर न्हाय हुयाचं ते. त्यो मान आमी दिलाय त्यास्नी."

"आबा, पण फोन येतो. घरी. तो घेणारं कुणी नाही."

"म्हनून का मान काढून घ्यायचा?"

"आणि काढलं समजा," टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं मल्लिकार्जुनप्पा म्हणाले. ते अक्कलकोटकडचे, बोलणं कानडी वळणाचं, लोण्यासारखं. "तर मग पहिला कोण, हा प्रश्न उद्भवतो की री. आबा वर सरकले तर मी दुसरा होतो, मग तिसरा कोण? सगळी यादी हलते बघा. निवडणूक तोंडावर आहे. आत्ता नको."

ती खाली आल्यावर ऋतुजानं चोरून कंपनीचा मदत क्रमांक दिला. तिथल्या माणसानं मात्र फार आपुलकीनं ऐकलं. नाव काढण्याची विनंती लगेच नोंदवतो म्हणाला. "फक्त ती मंजुरीसाठी पहिल्या पायरीवर जाईल, मॅडम."

"पहिल्या पायरीवर कोण आहे?"

कळा दाबल्याचा आवाज आला. "हरिदास शिवशरण."

तिनं घरी जाऊन अण्णांच्या मोबाईलवरून अण्णांना काढून टाकायला अण्णांची मंजुरी दिली. ती दोन मिनिटांत मान्य झाली. मग विनंती दुसऱ्या पायरीवर गेली आणि शहाजीआबांनी नामंजूर केली. शेरा इंग्रजीत निवडायचा होता. आबांनी पहिला दिसला तो निवडला. 'व्यक्ती अत्यावश्यक आहे.'

यानंतरच्या शुक्रवारी पाणी आलं.

सोलापूरकराला यापुढं काही सांगायला नको. आठवड्यातनं एकदा नळ आला की शहरातली अर्धी कार्यालयं आपोआप रिकामी होतात. कुणाची आजी आजारी पडते, कुणाची गाडी पंक्चर होते. संघातही चौघंच होते. अक्कम्माही घागरी भरून मग येते असं सांगून गेलेली. सकाळी दहा पन्नासला शीतगृहाची वीज झटका देऊन गेली आणि आली, पण यंत्रं चालू झाली नाहीत. संगणकानं 'मी आहे' म्हणायचं सोडलं. बाईनं पहिल्या मानाचा फोन लावला. दुपारी दोनला अक्कम्मा आली, दार उघडताच गार वारा आला नाही तशी तिनं काळं बटण खाली-वर केलं आणि मग आरडाओरडा केला. पण आतलं तापमान तोवर चौदावर गेलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी लसीची चाळीस खोकी बाजूला काढली, तपासल्याशिवाय एक सुई टोचायची नाही म्हणाले. माढ्याचं लसीकरण शिबिर पुढं ढकलावं लागलं आणि खेड्यापाड्यातून मेंढपाळांचे फोन सुरू झाले.

पुढच्या मंगळवारी एकाच टपालानं अण्णांच्या नावे दोन पाकिटं आली.

पहिलं कंपनीचं, जाड, चकचकीत. आत प्रशस्तिपत्र होतं. 'या तिमाहीतील सर्वाधिक तत्पर अधिकारी: श्री. हरिदास शिवशरण. एकूण इशारे नऊ, स्वीकारलेले नऊ.' खाली सोनेरी मोहोर. इतर दहा जणांच्या नावापुढं शून्य.

दुसरं संघाचं, पातळ. 'कारणे दाखवा नोटीस. आपण दि. १३ रोजी सकाळी १०.५४ वाजता इशारा स्वीकारूनही कोणतीही कार्यवाही केली नाही. त्यामुळे संघाची लस धोक्यात आली. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपणास काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.' खाली शहाजीआबांची सही.

धम्मप्रियानं ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. अण्णांनी संघात तीस वर्षं काढली. एकदाही त्यांच्या नावे असा कागद निघाला नव्हता. तो काढायला संघानं त्यांच्या मरणाची वाट पाहिली होती. नाव काढायचं राहिलं बाजूला. आता ते नाव स्वच्छ करून मग काढायचं होतं.

"आई," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "तेरा तारखेला अण्णांच्या फोनवर एक कुणी दाबला?"

भीमाबाई तांदूळ निवडत होत्या. "मी."

"का?"

"ती बाई इचारत हुती. पयल्यांदा मी सांगितलं तिला, ते न्हाईत आता, बाई. तरी तेच. परत सांगितलं, तरी तेच. मग म्हनलं, कामावरची दिसतिया. तिलाबी वर कुनाला तरी जबाब द्यावा लागत आसंल. दाबला एक. लगेच 'धन्यवाद' म्हनली."

"आई, ते यंत्र आहे."

"ते कळतंय की मला. मी काय खुळी हाय?" भीमाबाईंनी एक खडा बाजूला टाकला. "पन तुझ्या अण्णांनी कुनाला ताटकळत ठिवलं न्हाई कधी. त्यांच्या फोनवर आलेलं मानूस तसंच ठिवायचं, मला न्हाई बरं वाटलं."

"नऊ वेळा?"

"आली तितक्या वेळा. शुक्रवारी तर हात ओले हुते. नळ चालू सोडून आले."

आधीच्या आठ वेळा अक्कम्मा शीतगृहाजवळच होती आणि तिनं न सांगताच काळं बटण खाली-वर केलं होतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता. धम्मप्रियानं नोटीस दाखवली, वाचून दाखवली, समजावून सांगितली. भीमाबाईंनी ताट खाली ठेवलं.

"म्हंजे माझ्यामुळं ह्यांच्या नावाला डाग?"

"तुझ्यामुळं नाही."

"मग कुनामुळं?"

हा प्रश्न इतका नेमका होता की त्याचं उत्तर धम्मप्रियाला रात्री जेवताना सापडलं, 'यादीमुळं', आणि भाजीत मीठ नाही हे तिच्या लक्षातही आलं नाही.

खुलासा लिहायला जोतिरामकाका चष्मा घेऊन वर आले. त्यांचा आग्रह होता की खुलासा अण्णांच्याच नावे असावा आणि सुरुवात 'मी हयात नसल्याने' अशी करावी. "रेल्वेत आसंच लिहित्यात. वाचनारा गार पडतोय." धम्मप्रियानं आपल्या पद्धतीनं तीनच ओळी लिहिल्या. 'श्री. हरिदास शिवशरण यांचे निधन झाले आहे. अंत्यविधीस नोटिशीवर सही करणारे आपण स्वतः, उपाध्यक्ष व पाच संचालक उपस्थित होतात. उर्वरित खुलासा समक्ष करू इच्छिते.'

"लई मऊ हाय," काका म्हणाले. मग परत वाचून म्हणाले, "न्हाई. मऊ न्हाई."

मंडळाची सभा वरच्या मजल्यावर होती. धम्मप्रिया गेली आणि तिच्याबरोबर, नको नको म्हणताना, इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून भीमाबाई. अण्णांचा मोबाईल त्यांनी रुमालात बांधून आणला होता.

शहाजीआबा शरमेनं अर्धमेले झाले होते. "वहिनी, ती नोटीस मशिनीनं काढलीया. आपोआप निघती. मी गठ्ठ्यात सही मारली. चूक झाली. मनावर घिऊ नगा."

"मग रद्द करा," धम्मप्रिया म्हणाली.

आबांनी मल्लिकार्जुनप्पांकडे पाहिलं. मल्लिकार्जुनप्पांनी खाकरून घेतलं.

"रद्द करू की री, का नाही? पण अहवाल पाठवायचा आहे वर. त्यात जबाबदार कोण, असा एक रकाना आहे. तो रिकामा राहत नाही. मशीन पुढं जाऊच देत नाही." ते फार मायेनं बोलत होते. "आता जिवंत माणसाचं नाव घातलं तर त्याची नोकरी जाते. पोरंबाळं आहेत एकेकाला. अण्णांना काय फरक पडतो, सांगा? ते का आता बढती मागणार आहेत? मोठ्या मनाचा माणूस. असते तर स्वतःच म्हणाले असते, घाला माझं नाव."

दोघातिघांनी माना डोलावल्या. प्रेतावर घालायची शाल धरावी तशी ती मायेची कल्पना सगळ्यांनी धरून ठेवली होती. धम्मप्रियाच्या तोंडाशी एक उत्तर आलं होतं, धारदार, चार पुस्तकांचा आधार असलेलं. ते राहूनच गेलं.

"एक मी दाबला," भीमाबाई म्हणाल्या.

त्यांनी रुमालातला मोबाईल मांडीवर घेतला.

"हे गेल्यावर मी दाबला. नऊ खेपा. माझं नाव घाला त्या रकान्यात. भीमाबाई हरिदास शिवशरण. ह्यांचं नगा घालू."

"अय्यो," मल्लिकार्जुनप्पा म्हणाले. "पण वहिनी, तुम्ही नसता दाबला तर फोन पुढं गेला असता. आमच्यापैकी कुणीतरी उचलला असता."

धम्मप्रियाला हेच हवं होतं. "मग आत्ताच बघू या," ती म्हणाली. "खाली फक्त संगणक बंद करायला सांगा. थंड करणाऱ्या यंत्रांना हात लावायचा नाही, म्हणजे लस सुरक्षित. आई या वेळी एक दाबणार नाही. बघू कोण उचलतं ते."

आबांना कुस्तीचं आव्हान नाकारणं जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी फोन लावला. "अक्कम्मा, तो कॉम्प्युटर तेवढा बंद कर. आनि आमी सांगस्तवर हात लावू नगंस."

तीन मिनिटांनी रुमालातला मोबाईल वाजला. "नमस्कार, हरिदास शिवशरण." भीमाबाईंनी तो टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यांना ते जड गेलं. बाईचं बोलून होईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दहा मिनिटांनी आबांचा फोन वाजला. आबांनी तो हातात घेतला, कानाला लावला, ऐकला.

"दाबा की," धम्मप्रिया म्हणाली.

"एक दाबला की जबाबदारी माझी?"

"हो."

"आनि मला कुटं म्हाईत हाय कुठलं बटन?" आबा प्रामाणिक माणूस. त्यांनी फोन खाली ठेवला.

आणखी दहा मिनिटांनी मल्लिकार्जुनप्पांचा. ते आबांकडे बघून गोड हसले. "आबांनी ठेवून दिला, त्यांच्यादेखत मी उचलायचा? बरं दिसत नाही की." यादीतले चौथे हे तिसऱ्याचे, म्हणजे मल्लिकार्जुनप्पांचेच, व्याही निघाले, व्याह्याच्या वरचढ होणं शक्यच नव्हतं. पाचव्यांना वाटलं, दोन दाबायचं असतं. चहा आला, मागोमाग भजी आली. सहावे केम गावाला शेतावर होते. त्यांनी फोनवर बाईला दोनदा 'कोन बोलतंय?' विचारलं आणि कापला. सातव्यांचा बंद. आठवे आणि नववे भजी खाताना एकमेकांच्या हाताकडे बघत होते. दहाव्यांनी एक दाबायला बोट पुढं केलं आणि सगळ्यांची नजर वळली तसं ते बोट त्यांनी कानात घातलं.

तब्बल एक तास चाळीस मिनिटांनी बाई यादीच्या तळाशी पोचली. सिद्धांत ऑपरेटर रजेवर, कुर्डुवाडीच्या फलाटावर गाडीची वाट बघत होता. त्यानं क्षणात एक दाबला आणि अक्कम्माला फोन केला. खालच्या शीतगृहाच्या दारातून तिचा आवाज जिन्यानं वर सगळ्यांना ऐकू आला:

"बटन? अरे बाबा, मी बटनाशेजारीच बसलीय की! दोन तास झाले! वरचे साहेब लोक म्हनलेत हात लावू नको म्हनून!"

मग आबांच्या पोटातून आधी एक हुंदक्यासारखा आवाज आला आणि ते हसू होतं. टेबलावरची बशी हलायला लागली.

भीमाबाई उभ्या राहिल्या. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "पन मी म्हातारी, एकटी. तुमी सात जन बसलाय हितं. एकानं तरी दाबला का?"

एवढंच बोलून त्या बसल्या आणि त्यांनी एक भजं घेतलं.

त्या दिवशी संघाच्या इतिहासातला सर्वात लहान ठराव झाला. यादी उलटी करावी. पहिला फोन अक्कम्माला, दुसरा सिद्धांतला, मग ज्याला बटण माहीत आहे त्याला, आणि सगळे हरले तर चेअरमनला. श्री. हरिदास शिवशरण यांना दिलेली नोटीस दिलगिरीसह रद्द. रकान्यात काय घालायचं यावर आबांनी ऋतुजाला ओरडून सांगितलं, "घाल, संचालक मंडळ! न्हाय घेत म्हंजे? घेऊस्तवर घाल!" मल्लिकार्जुनप्पांनी तेवढ्यातही विचारून घेतलं की आता यादीत शेवटी येणं मानाचं का आणि तसं असेल तर आबांच्या लगेच आधी कोण.

अण्णांचं नाव संध्याकाळपर्यंत निघालं. ऋतुजानं फॉर्मवर पेनानं चौथी चौकट आखली, तिच्यापुढं 'निधन' लिहिलं आणि सुबक खूण केली. प्रशस्तिपत्र भीमाबाईंनी जोतिरामकाकांकडून भिंतीवर ठोकून घेतलं. "नऊपैकी नऊ," काका हातोडी घेऊन म्हणाले, "आमच्या अख्ख्या वर्कशॉपात कुनाचं आसलं रेकॉर्ड नव्हतं."

तीन आठवड्यांनी माढ्याचं शिबिर पार पडलं. त्याच्या आदल्याच दिवशी भर दुपारी वीज झटका देऊन गेली, संगणक बंद पडला, बाईनं अक्कम्माला फोन लावला. अक्कम्मानं एक दाबला, तीन मिनिटांत काळं बटण खाली-वर केलं आणि झाडू पुन्हा हातात घेतला. लसीला कळलं नाही, मंडळाला कळलं नाही, सोलापूर जिल्ह्यात कुणालाच कळलं नाही.

शहाजीआबांना ते चार दिवसांनी ऋतुजाच्या बोलण्यातून कळलं. त्याच संध्याकाळी अण्णांच्या मोबाईलवर फोन आला. धम्मप्रियानं पडद्यावर नाव वाचलं, 'आबा चेअरमन', आणि फोन आईकडे दिला.

आबांचा आवाज इतका मोठा की खोलीभर ऐकू येत होता. "अण्णा, बघा की वं! संघात एवढा मोठा बिघाड झाला, आनि मला, चेअरमनला, कुनी सांगितलं बी न्हाय! एक फोन न्हाय! मी काय हितं—"

आवाज मध्येच थांबला. आपण कुणाशी बोलतोय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"बोला की, आबा," भीमाबाई म्हणाल्या. "ऐकतिया मी."

आबा बोलले. आधी चाचरत, मग अक्कम्माबद्दल, मल्लिकार्जुनप्पांबद्दल, निवडणुकीबद्दल, गुडघ्याबद्दल. भीमाबाई 'व्हय', 'आसं का' म्हणत राहिल्या. पाऊण तास झाला. धम्मप्रियानं मध्ये दोनदा कूस बदलली, पुस्तकाचं पान तेच राहिलं.

"वहिनी," शेवटी आबा खालच्या आवाजात म्हणाले, "कदी कदी करू का आसा फोन?"

भीमाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"करा की," त्या म्हणाल्या. "पन शुक्रवारी नगा. पानी येतंय."